संरक्षण सामग्रीचे वेष्टन व वाहतूक : येवला परिसर आणि महाराष्ट्राच्या संदर्भात एक ऐतिहासिक अभ्यास

प्रस्तावना :

युद्धाचा इतिहास लिहिताना सेनापती, रणभूमी आणि शस्त्रे यांची चर्चा विस्ताराने होते. ते शस्त्र कारखान्यातून किंवा कोठारातून रणभूमीपर्यंत कसे पोहोचले, कशात गुंडाळले गेले, वाटेत ओल, उष्णता व धक्के यांपासून कसे वाचले, याचा विचार मात्र क्वचितच होतो. वास्तविक ओली झालेली दारू किंवा गंज चढलेला यंत्रभाग सैन्याला निःशस्त्र करण्यास पुरेसा असतो. प्रस्तुत शोधनिबंधात या दुर्लक्षित अंगाचा विचार येवला परिसराच्या अनुषंगाने केला आहे.

अभ्यासाची उद्दिष्टे :

1. संरक्षण सामग्रीच्या वेष्टन व वाहतुकीतील स्थित्यंतरांचा आढावा घेणे.
2. या स्थित्यंतरांतील महाराष्ट्राचे, विशेषतः नाशिक व खानदेश परिसराचे स्थान स्पष्ट करणे.

अभ्यासासाठी ऐतिहासिक व वर्णनात्मक पद्धतीचा अवलंब केला असून माहिती दुय्यम साधनांवर आधारित आहे.

तोफा, बैल आणि वेग :

येवला ही सेनानी तात्या टोपे यांची जन्मभूमी (1814). त्यांच्या मोहिमेकडे वाहतुकीच्या दृष्टीने पाहिले असता एक महत्त्वाची बाब लक्षात येते. ग्वाल्हेर पडल्यानंतर जून 1858 मध्ये जौरा-अलीपूर येथे त्यांच्या तोफा इंग्रजांच्या हाती गेल्या. पुढे झालरापाटण येथे त्यांना नव्या तोफा मिळाल्या, परंतु सप्टेंबर 1858 मध्ये राजगडजवळ त्याही सोडाव्या लागल्या. ऑक्टोबर 1858 मध्ये त्यांनी नर्मदा ओलांडली, ती अवजड तोफखान्याविना. बैलांनी ओढलेली तोफ पावसाळ्यातील माळव्याच्या काळ्या चिखलात रुतत असे. तोफा सांभाळाव्यात तर वेग जातो आणि वेग राखावा तर तोफा जातात, असा हा पेच होता. सामग्रीचे वजन व वाहून नेण्याची सोय यांवर युद्धनीती अवलंबून असते, हे येवल्याच्या या सुपुत्राच्या मोहिमेतून स्पष्ट होते.

लोहमार्ग आणि लाकडी पेटी :

एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात हे चित्र बदलले. 1869 मध्ये खडकी येथे दारूगोळा कारखाना सुरू झाला. 1878 मध्ये दौंड-मनमाड लोहमार्ग खुला झाला व येवला त्या मार्गावरील स्थानक बनले. उत्तरेकडून मनमाडमार्गे अहमदनगरच्या (2024 पासून अहिल्यानगर) लष्करी ठाण्याकडे जाणारी रेल्वेवाहतूक येवल्यावरूनच होऊ लागली. पुढे अहमदनगर हे चिलखती दलाच्या प्रशिक्षणाचे केंद्र झाल्याने या मार्गाचे लष्करी महत्त्व वाढले.

लोहमार्गामुळे वजनाचा प्रश्न सुटला, पण हाताळणीचा प्रश्न उभा राहिला. बैलगाडीचा माल एकाच गाडीवानाच्या नजरेखाली असे. रेल्वेचा माल मात्र अनेक अनोळखी हातांतून चढवला व उतरवला जाई. त्यामुळे पेटीचा आकार, वजन व तिच्यावरील खुणा ठरावीक असणे आवश्यक झाले. काडतुसांसाठी आतून कल्हईच्या पत्र्याचे अस्तर लावलेली लाकडी पेटी वापरात आली. लाकूड धक्का सोशी, तर पत्रा ओल अडवी. दारूच्या पेट्यांना ठिणगी पडू नये म्हणून लोखंडाऐवजी तांबे-पितळेचे खिळे व पट्ट्या वापरण्याची दक्षता घेतली जाई.

मुंबई गोदीचा स्फोट (1944) :

प्रत्येक पेटी चांगली असली तरी पेट्यांची रचना चुकल्यास काय घडते, याचे भीषण उदाहरण म्हणजे 14 एप्रिल 1944 रोजीचा मुंबई गोदीतील स्फोट. ‘फोर्ट स्टिकिन’ हे जहाज इंग्लंडहून कराचीमार्गे मुंबईस आले. त्यावर सुमारे 1400 टन स्फोटके, पेट्यांत बांधलेली लढाऊ विमाने व सोन्याच्या विटा होत्या. कराचीला त्यात कापसाच्या सुमारे 8700 गाठी व वंगणतेलाची पिंपे यांची भर पडली. चटकन पेट घेणारा कापूस आणि स्फोटके जहाजाच्या एकाच भागात ठेवली गेली. व्हिक्टोरिया गोदीत कापसाला आग लागली आणि दुपारी चारनंतर अर्ध्या तासाच्या अंतराने दोन प्रचंड स्फोट झाले. मृतांचे अंदाज 800 ते 1300 असे भिन्न आहेत. त्यांत आग विझवण्यासाठी गेलेले 66 अग्निशामक जवानही होते. त्यांच्या स्मरणार्थ 14 एप्रिल हा राष्ट्रीय अग्निशमन सेवा दिन म्हणून पाळला जातो. कोणता माल कशाजवळ ठेवावा, हा मनुष्यहानीशी थेट निगडित असलेला प्रश्न आहे, हे या घटनेने दाखवून दिले.

ओझर : पेट्यांतून आलेले विमान :

स्वातंत्र्योत्तर काळात या प्रश्नाचे स्वरूप अधिक तांत्रिक झाले. 1962 मध्ये सोव्हिएत संघाशी मिग-21 विमानांबाबत करार झाला. 1964 मध्ये नाशिक जिल्ह्यातील ओझर येथे विमान कारखान्याची स्थापना झाली. तत्कालीन संरक्षणमंत्री यशवंतराव चव्हाण हे 1963 मध्ये नाशिक मतदारसंघातून लोकसभेवर बिनविरोध निवडून आले होते. विमानाचा सांगाडा ओझर येथे, इंजिन ओरिसातील कोरापुट येथे व इलेक्ट्रॉनिक उपकरणे हैदराबाद येथे, अशी उत्पादनाची विभागणी करण्यात आली.

आरंभी सुट्या भागांचे संच सोव्हिएत संघातून येत व ओझरला जोडले जात. 1970 पासून कच्च्या मालापासून विमाननिर्मिती सुरू झाली. तरीही वेष्टनाचे महत्त्व कमी झाले नाही, कारण एकाच विमानाचे अवयव तीन राज्यांतून येत होते. थंड प्रदेशातून उष्ण व दमट किनाऱ्यावर आलेल्या धातूवर बाष्प साचून गंज चढतो. म्हणून यंत्रभागांवर गंजरोधक वंगणाचा थर, त्यावर मेणकागद, हवाबंद पिशवी, ओल शोषणारे सिलिका जेल व बाहेर लाकडी पेटी असे थरावर थर दिले जातात.

वाहतुकीचे साधनही बदलत गेले. 1997 मध्ये पुण्याजवळील लोहगाव येथे पहिली सुखोई-30 विमाने सुटी करून एएन-124 या महाकाय मालवाहू विमानांतून आणण्यात आली. 2004 पासून ओझर येथे तयार झालेली सुखोई-30 एमकेआय विमाने हवाई दलास मिळू लागली. मिग-21 विमाने सप्टेंबर 2025 मध्ये सेवेतून निवृत्त झाली आणि त्यानंतरच्याच महिन्यात ओझर येथे तेजस विमानांच्या उत्पादनमालिकेचे उद्घाटन झाले.

भुसावळ : वेष्टनच शस्त्र होते तेव्हा :

मनमाडहून पूर्वेकडे जाणाऱ्या लोहमार्गावरील भुसावळचा आयुधनिर्माणी कारखाना 1949 मधील. दारूगोळ्यासाठी पिंपे व धातूचे डबे तयार करणे हे त्याचे प्रमुख कार्य. पुढे याच कारखान्यात पिनाक अग्निबाणांचे ‘पॉड’ तयार होऊ लागले. एका पॉडमध्ये सहा अग्निबाण असतात. कारखान्यातून निघताना तो पेटी असतो, वाहनावर चढवल्यावर तोच प्रक्षेपक होतो. ब्राह्मोस क्षेपणास्त्राची नळीही अशीच साठवण, वाहतूक व प्रक्षेपण या तिन्ही कामांसाठी असते. 2021 मध्ये आयुधनिर्माणी मंडळाचे सात कंपन्यांत रूपांतर झाल्यावर भुसावळचा कारखाना नागपूर येथे मुख्यालय असलेल्या यंत्र इंडिया लिमिटेडकडे गेला.

दुसरीकडे साध्या लाकडी पेटीवरही नवे निर्बंध आले. लाकडातील किडी परदेशात पसरू नयेत म्हणून 2002 मधील आंतरराष्ट्रीय मानकानुसार लाकडाच्या गाभ्याला 56 अंश सेल्सियस उष्णता किमान 30 मिनिटे देण्याची पद्धत सुरू झाली.

निष्कर्ष :

1. प्रत्येक नव्या वाहतूक साधनाने जुना प्रश्न सोडवून नवा निर्माण केला. लोहमार्गाने वजनाचा प्रश्न सोडवला, पण हाताळणीचा आणला. आगबोटीने अंतराचा सोडवला, पण एकत्र साठवणुकीचा धोका वाढवला.
2. वेष्टन हे आरंभी बाह्य आवरण होते, नंतर ते संरक्षणाची थरबद्ध व्यवस्था झाले आणि आज ते शस्त्राचाच अवयव बनले आहे.
3. भुसावळचे डबे व ओझरच्या पेट्या यांमागील सुतार, पत्राकाम करणारे कारागीर व हमाल यांचे कौशल्य लष्करी इतिहासात जवळजवळ नोंदलेलेच नाही. येवला, मनमाड, ओझर व भुसावळ परिसरातील निवृत्त कामगारांच्या मौखिक आठवणी संकलित करणे हे स्थानिक इतिहासाच्या अभ्यासकांचे तातडीचे कार्य ठरते, कारण ती पिढी आता वृद्धत्वाकडे झुकली आहे.