बचावफळीतला कामगार : चार्ली रॉबर्ट्स



फुटबॉलमध्ये गोल करणाऱ्याचे नाव होते. गोल अडवणाऱ्याला लोक मैदानाबाहेर पडताच विसरतात. आज मी अशाच एका अडवणाऱ्याचा इतिहास आपल्यापुढे मांडणार आहे. चार्ली रॉबर्ट्स हे त्याचे नाव. मँचेस्टर युनायटेड या क्लबाचा तो कर्णधार होता, आणि इंग्लंडमधील खेळाडूंची युनियन उभी करणाऱ्यांपैकी एक होता. त्याच्या चरित्रात एक प्रश्न दडलेला आहे. जो माणूस आवडीचा खेळ खेळून पोट भरतो, त्याला कामगार म्हणावे की नाही?

प्रथम पार्श्वभूमी पाहू. १८५० च्या कारखाना कायद्याने इंग्लंडच्या कापडगिरण्यांत स्त्रिया व अल्पवयीन कामगारांचे काम शनिवारी दुपारी दोनला थांबू लागले. हळूहळू शनिवारची अर्धी सुट्टी इतरांनाही मिळाली आणि त्या रिकाम्या दुपारीत फुटबॉल वाढला. (आपल्या मुंबईत नारायण मेघाजी लोखंडे यांच्या खटपटीने गिरणी कामगारांना रविवारची सुट्टी मिळाली, ती १८९० साली.) मँचेस्टर युनायटेड हा क्लबही मुळात १८७८ साली न्यूटन हीथच्या रेल्वे कारखान्यातील कामगारांनी काढलेला. १९०२ मध्ये एका दारूभट्टीवाल्याच्या भांडवलाने तो सावरला व त्याचे नाव बदलले.

रॉबर्ट्स १८८३ साली डार्लिंग्टन या लोखंडाच्या गावी जन्मला. १९०४ मध्ये ग्रिम्सबी क्लबाकडून युनायटेडने त्याला ६०० पौंडांना घेतले. तो सेंटर-हाफ होता. त्या काळी मागे दोन बचाव करणारे आणि त्यांच्यापुढे तिघांची रांग असे. या रांगेच्या मध्यावर सेंटर-हाफने उभे राहायचे, प्रतिपक्षाची चढाई मोडायची आणि तेथूनच आपली चढाई सुरू करायची. डकवर्थ, रॉबर्ट्स आणि बेल ही युनायटेडची रांग गाजली. तिच्या बळावर क्लबाने १९०८ आणि १९११ मध्ये लीग जिंकली आणि १९०९ मध्ये ब्रिस्टल सिटीला एका गोलाने हरवून एफ. ए. कपही मिळवला.

आता या कर्णधाराचा पगार ऐका. १९०१ पासून नियम असा की, कोणत्याही खेळाडूला आठवड्याला चार पौंडांपेक्षा अधिक द्यायचे नाही. त्याहून जाचक नियम दुसराच होता. करार संपला तरी खेळाडूचे नाव क्लबाच्या दप्तरी राही आणि क्लबाने सोडल्याशिवाय त्याला लीगमधल्या दुसऱ्या क्लबात खेळता येत नसे. कोणी म्हणेल, कुशल कारागिराला तेव्हा दोन पौंडांच्या आतबाहेरच मिळत होते, मग चार पौंडवाल्याने तक्रार का करावी? आक्षेप रास्त आहे. परंतु कारागिराला दुसऱ्या कारखान्याचे दार मोकळे होते आणि त्याचे हात साठीपर्यंत चालत. खेळाडूचे पाय पस्तिशीतच थकतात. गुडघा मोडला तर त्याआधीच.

शिवाय जिवाचीही हमी नव्हती. एप्रिल १९०७ मध्ये युनायटेडचाच बचावपटू टॉमी ब्लॅकस्टॉक दुय्यम संघाच्या सामन्यात चेंडूला डोके लावल्यावर कोसळला आणि मरण पावला. तो अवघा पंचवीस वर्षांचा होता. चौकशीत मृत्यू नैसर्गिक ठरला आणि घरच्यांना भरपाई मिळाली नाही. त्याच वर्षी २ डिसेंबरला मँचेस्टरच्या इंपीरियल हॉटेलात बिली मेरेडिथच्या अध्यक्षतेखाली खेळाडूंची सभा भरली आणि युनियन स्थापन झाली. रॉबर्ट्स तिच्या अग्रभागी होता.

फुटबॉल असोसिएशनने आरंभी ही संघटना चालवून घेतली. परंतु १९०९ मध्ये युनियन इतर कामगार संघटनांच्या महासंघात सामील होऊ पाहते असे दिसताच धोरण पालटले. १ जुलैपूर्वी युनियन सोडा, नाहीतर खेळण्यास बंदी, असा हुकूम निघाला. बहुतेकांनी मुकाट्याने सह्या केल्या. युनायटेडच्या खेळाडूंनी केल्या नाहीत. ते उन्हाळ्याचा पगार घेण्यास गेले तेव्हा त्यांना रिकाम्या हातांनी परत पाठवण्यात आले. एकाने रागाने कचेरीतला आरसाच काखोटीला मारला! कचेरीतल्या पोऱ्याची नोकरी जाईल म्हणून नेलेल्या वस्तू परत मिळवून देण्याचे काम रॉबर्ट्सलाच करावे लागले. पुढारीपण म्हणजे असेही काम असते, हे मी तीस वर्षांच्या अनुभवाने सांगू शकतो. त्याच्या मदतीसाठी एक सामना ठरला होता आणि त्यातून ५०० पौंडांची हमी होती. तेही पैसे पणाला लागले होते.

हे खेळाडू फॅलोफील्ड येथे एकत्र सराव करीत राहिले. छायाचित्र काढताना रॉबर्ट्सने एका फळीवर संघाचे नवे नाव लिहिले : ‘बहिष्कृत फुटबॉल क्लब, १९०९’. या शब्दाचे वजन महाराष्ट्राला समजावून सांगण्याची गरज नाही. हळूहळू इतर क्लबांतले खेळाडूही त्यांच्या बाजूने उभे राहू लागले आणि हंगामाच्या तोंडावर, ३१ ऑगस्टला, असोसिएशनने माघार घेतली. बंदी उठली आणि युनियनला मान्यता मिळाली.

हा विजय होता काय? अर्धाच. कमाल पगाराची मर्यादा कायम राहिली; १९१० पासून जुन्या खेळाडूंना टप्प्याटप्प्याने पाच पौंडांपर्यंत जाता येऊ लागले इतकेच. आणि महासंघात जायचे नाही, असा ठराव सभासदांनीच बहुमताने केला. याच सुमारास दुसऱ्या एका लढ्याचा निकाल मात्र लागला. वॉकर नावाच्या जखमी खेळाडूने क्रिस्टल पॅलेस क्लबाविरुद्ध चालवलेल्या खटल्यात अपील न्यायालयाने ठरवले की, पगारी खेळाडू हा भरपाईच्या कायद्याखाली कामगारच आहे. हौसेने खेळणाऱ्याला तो खेळ असेल, परंतु पोटासाठी खेळणाऱ्याला ते काम आहे, असा त्या निकालाचा आशय.

१९१३ मध्ये युनायटेडने रॉबर्ट्सला ओल्डहॅम क्लबाला १,५०० पौंडांना विकले. आठवड्याला पाच पौंडांच्या हिशेबाने ती रक्कम तीनशे आठवड्यांचा, म्हणजे जवळजवळ सहा वर्षांचा पगार होते. ओल्डहॅमला त्याने १९१५ च्या लीगमध्ये दुसऱ्या क्रमांकावर आणले. पहिला क्रमांक अवघ्या एका गुणाने हुकला. इंग्लंडकडून मात्र तो तीनच सामने खेळला आणि तेही सारे १९०५ मधले. युनियनमुळे त्याला वगळले, असे पुष्कळ म्हणतात. पण युनियन निघाली १९०७ मध्ये. त्यामुळे पहिल्या दोन वर्षांचा दोष तिच्या माथी मारता येत नाही. आपल्या माणसाची बाजू घेतानाही तारखा पाहाव्यात.

तो १९३९ मध्ये वारला. कमाल पगाराचा नियम १९६१ मध्ये गेला, आणि खेळाडूला बांधून ठेवणारी पद्धत १९६३ मध्ये जॉर्ज ईस्टहॅमच्या खटल्यात न्यायालयाने बेकायदा ठरवली. रॉबर्ट्सला यातले काहीच पाहायला मिळाले नाही. बचाव करणाऱ्याचे काम गोल करण्याचे नसतेच. समोरची चढाई अंगावर घ्यायची आणि चेंडू पुढच्याच्या पायाशी पोहोचवायचा, एवढेच त्याच्या हाती असते. ते त्याने दोन्ही मैदानांवर चोख केले.