रणांगणावरील स्त्री : अपवाद की अधिकार?



पाठीशी मूल बांधलेली, हाती तलवार घेतलेली घोडेस्वार वीरांगना आपल्या कितीतरी गावांच्या चौकांत उभी आहे. तिच्या जयंतीला आपण हार घालतो, शाळकरी मुली तिचा वेष घेऊन मिरवतात. पण हार घालणाऱ्याच घरातली मुलगी जर म्हणाली, ‘मला सैन्यात जायचे आहे,’ तर त्या घरात चिंतेची शांतता पसरते. या विसंगतीला नुसते हसून भागणार नाही. तिचे मूळ आपल्या इतिहासवाचनात आहे. युद्धाच्या इतिहासात स्त्री आपल्याला दोनच रूपांत भेटते. एक तर ती आक्रोश करणारी अबला असते, नाही तर विजेसारखी चमकून लोपणारी देवी असते. या दोहोंच्या मध्ये जी स्त्री प्रत्यक्ष राबली, तिच्याकडे आपले लक्ष जात नाही. देवीला देव्हारा मिळतो, पगारपत्रकावर नाव मिळत नाही. आज विचार करायचा आहे तो या मधल्या स्त्रीचा.

प्रथम आपल्या घरचेच उदाहरण घेऊ. १७०० च्या मार्च महिन्यात सिंहगडावर छत्रपती राजाराम महाराजांचा अंत झाला. मोगल छावणीत आनंद झाला, आणि तो अकारण नव्हता. संभाजी महाराजांना ठार करून अकरा वर्षे झाली होती, शाहू कैदेत होते, आणि आता गादीवर बसायला उरले होते ते अवघ्या चार वर्षांचे पोर. समोर ऐंशी ओलांडलेला औरंगजेब जातीने दक्षिणेत ठाण मांडून बसलेला. अशा वेळी हंबीरराव मोहित्यांची लेक, पंचविशीतली विधवा ताराबाई, हिने मुलाला गादीवर बसवून कारभार आपल्या हाती घेतला.

तिने पुढची सात वर्षे युद्ध कसे चालवले हे नीट पाहिले पाहिजे. नुसत्या शौर्याची ही कथा नाही, हिशेबाची आहे. बादशहा एकेक किल्ला घेत चालला होता : १७०० मध्ये सातारा आणि परळी, १७०१ मध्ये पन्हाळा, १७०२ मध्ये विशाळगड, १७०३ मध्ये सिंहगड, १७०४ मध्ये राजगड व तोरणा. नकाशावर पाहिले तर मराठ्यांचा पराभवच दिसतो. पण प्रत्येक किल्ल्याने बादशहाचे महिने खाल्ले, पैसा खाल्ला, माणसे आणि जनावरे खाल्ली. साताऱ्याचा वेढा चार महिन्यांवर चालला. विशाळगड तर महिनोन् महिने झुंजवून, अखेर परशुराम त्रिंबकांनी बादशहाकडून दोन लाख रुपये मोजून घेऊन मगच खाली केला. परतताना मोगल फौजेला पावसाळ्याने गाठले, आणि पंधरा-वीस कोसांची वाट तुडवायला तिला महिन्याहून अधिक काळ लागला. बादशहा असा सह्याद्रीत अडकून पडला असता मराठ्यांची पथके खानदेश, वऱ्हाड, माळवा, गुजरात येथे चौथ वसूल करीत होती. जिंकलेले किल्लेही एकामागून एक हातचे निसटू लागले. १७०७ साली अहमदनगरजवळ बादशहाचा देह पडला, तेव्हा पंचवीस वर्षांच्या त्या स्वारीतून त्याला मराठ्यांचे राज्य काही मिळाले नव्हते. ताराबाईची कर्तबगारी खाफीखानासारख्या मोगल इतिहासकारानेही मान्य केली आहे, आणि शत्रूने दिलेल्या साक्षीइतका विश्वसनीय पुरावा दुसरा नसतो.

मग ही स्त्री आपल्या स्मरणात कोणत्या रूपाने उरली? शाहू सुटून आले, सरदार त्यांना मिळाले, खेडच्या लढाईत ताराबाईचा पक्ष हरला. १७१४ मध्ये सवतीच्या मुलाला पुढे करून पन्हाळ्यावर तिलाच कैदेत टाकले गेले. पुढे म्हातारपणी साताऱ्याला रामराजाला अडकवून ठेवणारी ‘कारस्थानी आजीबाई’ हे चित्र मात्र आपल्या मनावर ठसले. तिच्या महत्त्वाकांक्षेत दोष नव्हते असे मी म्हणत नाही. पण पुरुषाने सत्तेसाठी डाव टाकला तर ती राजनीती आणि स्त्रीने टाकला तर ते कारस्थान, हा न्याय कोणता? सात वर्षांचे स्वातंत्र्ययुद्ध एका वाड्यातल्या भांडणाखाली झाकले गेले, ही गोष्ट ताराबाईपेक्षा आपल्याविषयी अधिक सांगते.

ताराबाईला निदान नाव तरी आहे. १८५८ च्या झाशीकडे वळा. मार्चअखेर सर ह्यू रोजच्या तोफा शहरावर आग ओकत होत्या. वेढ्याच्या वेळी आपल्या पेण तालुक्यातल्या वरसईचे विष्णुभट गोडसे त्या शहरात होते, आणि त्यांनी पाहिलेली राणी ‘माझा प्रवास’ या १९०७ साली छापल्या गेलेल्या ग्रंथामुळे मराठी वाचकाच्या ओळखीची झाली. पण इंग्रजांच्या लेखनात आणखी एक नोंद आहे : तटावरच्या मोर्चांवर बायका काम करताना दिसत, दारूगोळा वाहताना दिसत. या बायका कोण? त्या कोणाच्या कोण होत्या, त्यांतल्या किती वाचल्या? लोकपरंपरेने झलकारीबाईचे नाव जपले. बाकीच्या तटाच्या धुळीत मिळाल्या. एका राणीच्या पुतळ्यामागे अशा शेकडो अनामिका उभ्या आहेत.

हे केवळ आपल्याच देशात घडले असे नाही. दुसऱ्या महायुद्धात सोव्हिएत रशियाच्या सैन्यात सुमारे आठ लाख स्त्रिया होत्या. १९४२ पासून लढलेल्या त्यांच्या एका रात्रविमान पलटणीत वैमानिक, मार्गदर्शक, यंत्रज्ञ, बाँब चढवणारे हात, सारे स्त्रियांचेच होते. लाकूड आणि कापडाची ती जुनाट विमाने घेऊन त्या रात्रीच्या अंधारात जर्मन फळीवर जात. जर्मन शिपाई त्यांना ‘रात्रीच्या चेटकिणी’ म्हणत. युद्ध संपले आणि १९४५ मध्येच ती पलटण मोडली गेली. घरी परतलेल्या पुष्कळ स्त्रीसैनिकांना गौरवाऐवजी कुजबूज ऐकावी लागली, आणि कित्येकींनी पदके पेटीत घालून तोंड मिटून घेतले. त्यांचे बोलणे जगाला ऐकवायला स्वेतलाना अलेक्सियेविच या लेखिकेला १९८५ पर्यंत वाट पाहावी लागली.

आपल्या नेताजींनी १९४३ मध्ये सिंगापुरात स्त्रियांची पलटण उभारली, तेव्हा तिला झाशीच्या राणीचेच नाव दिले. कॅप्टन लक्ष्मी स्वामिनाथन तिच्या प्रमुख होत्या. पण तिच्यात भरती झालेल्या मुलींपैकी पुष्कळजणी मलायातल्या रबराच्या मळ्यांवर राबणाऱ्या तमिळ मजुरांच्या लेकी होत्या. ज्यांनी हिंदुस्थान डोळ्यांनी पाहिलाही नव्हता, अशा मुली त्याच्यासाठी बंदूक शिकल्या. त्यांतल्या कित्येकींनी ब्रह्मदेशात जखमींची शुश्रूषा केली, आणि १९४५ च्या माघारीत चिखलातून पायी वाट तुडवली.

स्वतंत्र भारताने १९५० साली सैन्याचा कायदा केला. त्यात स्त्रियांना सैन्याची दारे बंद ठेवली. सरकार सांगेल तेवढ्याच शाखांपुरती सवलत. वैद्यकीय आणि शुश्रूषेच्या शाखा सोडल्या तर इतर शाखांत स्त्री अधिकारी घ्यायला १९९२ उजाडले, आणि तेही ठरावीक मुदतीपुरते. हा प्रश्न सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला, तेव्हा सरकारतर्फे असे मांडले गेले की जवान बहुतांशी खेड्यांतून आलेले असतात, स्त्रीचा हुकूम मानायला त्यांचे मन तयार नाही. श्रोतेहो, क्षणभर थांबून विचार करा. १७०० साली धनाजी जाधवांच्या हाताखाली लढणारे शिलेदार आणि बारगीर कोणत्या शहरातून आले होते? मावळातले आणि देशावरचे कुणबीच ना ते? त्यांनी सात वर्षे एका तरुण विधवेच्या नावाने निघालेले हुकूम मानले. तीनशे वर्षांपूर्वीच्या खेडुताला जे जमले, ते त्याच्या वंशजाला जमणार नाही, असे म्हणणे हा त्या जवानाचाच अपमान आहे. १७ फेब्रुवारी २०२० रोजी न्यायालयाने तो युक्तिवाद फेटाळला, आणि या स्त्री अधिकाऱ्यांना कायम नेमणुकीचा हक्क मान्य केला.

कोणी म्हणेल, युद्ध ही काय मंगल गोष्ट आहे, की स्त्रियांनी त्यात वाटा मागावा? आक्षेप खरा आहे. युद्ध अमंगलच आहे. पण ते स्त्रीला कधी वगळत नाही. तटाला खिंडार पडल्यावर झाशीत कत्तल झाली, ती स्त्री-पुरुष पाहून झाली नाही. संकटात वाटा आहेच. प्रश्न आहे तो निर्णयात, अधिकारात आणि सन्मानात वाटा आहे की नाही, एवढाच.

खडकवासल्याच्या राष्ट्रीय संरक्षण प्रबोधिनीत २०२२ साली मुलींची पहिली तुकडी दाखल झाली, आणि ३० मे २०२५ रोजी सतराजणी शिक्षण पुरे करून बाहेर पडल्या. पायदळाची आणि रणगाड्यांची दारे त्या दिवशीही त्यांना बंदच होती. म्हणजे वाट संपलेली नाही. ज्या मैदानावर त्यांनी कवायत केली तेथून सिंहगड दिसतो. त्याच गडावर एका राजाचा मृत्यू झाला, आणि एका स्त्रीने त्याचे युद्ध पुढे चालवले. ताराबाईला ते काम संकटाने दिले, आणि संकट टळताच ते तिच्याकडून काढून घेतले गेले. या सतराजणींना ते नियमाने मिळाले आहे. नियमाने मिळालेले सहजासहजी काढून घेता येत नाही, आणि म्हणूनच त्यांच्यासाठी पुतळे उभारण्याची घाई नको. त्यांचे नाव, हुद्दा आणि पगार कागदावर बिनचूक लिहिला जातो की नाही, एवढे आपण जागरूकपणे पाहिले, तरी मागच्या साऱ्या अनामिकांचे थोडेसे ऋण फिटेल.