ओवीची साक्ष

आधुनिक मराठी स्त्रीकवितेचा इतिहास आपण बहुधा सावित्रीबाई फुले यांच्या १८५४ सालच्या ‘काव्यफुले’पासून मांडतो. बारामती-इंदापूरच्या गावांत ओव्या ऐकत हिंडताना हा इतिहास मला अर्धाच वाटू लागला. सासुरवास, सवत, मुलगी झाल्याचा टोमणा, जे उघड बोलायची सोय नव्हती ते सून पहाटे जात्यापाशी गाई. ओवीतली सीताही देवी कमी आणि नवऱ्याने वनात धाडलेली सासुरवाशीण जास्त.

हेमा राईरकर आणि गी पॉइतवाँ यांच्या प्रकल्पाने १,०००हून अधिक गावांतून १ लाखाहून अधिक ओव्या गोळा केल्या. त्यांत इंदापूर तालुक्यातल्या बायकांच्याही ओव्या आहेत.

गिरणी आली आणि जाते सुटले. माझी आई सुटकेचा नि:श्वास टाकून ते सांगे. तो कष्ट परत यावा असे कोण म्हणेल? पण तिच्या ओव्या मी उतरून घेण्याआधीच ती गेली.

त्या संग्रहात गाणारीचे नाव आणि गावही नोंदलेले आहे. तरी ‘लोकसाहित्य’ म्हणत आपण तिला कवितेच्या इतिहासाबाहेरच उभी ठेवतो. घरात बोलू न दिलेल्या बाईला आपणही पुन्हा उंबऱ्याबाहेरच ठेवायचे का?