विस्मरणावरच्या औषधाचा शोध

(नभोवाणीवरील भाषणाचा संपादित अंश)

सातिवलीच्या एका कारखान्यात काम करणाऱ्या गृहस्थांनी मध्यंतरी मला विचारलं, "डॉक्टर, आईला अल्झायमर आहे. परदेशात नवीन इंजेक्शन निघालंय म्हणतात. कर्ज काढू का?" नुसतं हो किंवा नाही म्हणून भागण्यासारखं नव्हतं. मग त्यांना थोडा इतिहास सांगितला.

१९०१ साली जर्मनीत फ्रँकफर्टच्या इस्पितळात ऑगस्ट डेटर नावाची बाई दाखल झाली. वय अवघं ५१. स्वतःचं नाव लिहायला सांगितलं तर मध्येच अडायची. १९०६ मध्ये ती वारली, तेव्हा डॉ. अलॉइस अल्झायमर यांना तिच्या मेंदूत साचलेले ठिपके आणि पेशींतला गुंता दिसला. रोगाला नाव मिळालं, पण उपाय मिळाला नाही. आपल्याकडे तर 'साठी बुद्धी नाठी' म्हणून विषय संपत असे.

१९७०च्या दशकात कळलं, की या रुग्णांच्या मेंदूत अ‍ॅसिटिलकोलीन हे द्रव्य कमी पडतं. ते टिकवणारी टॅक्रीन ही पहिली गोळी अमेरिकेत १९९३ साली आली. दिवसातून चारदा घ्यायची, आणि त्रास यकृताला! पुढे ती मागे पडली. १९९६ मध्ये डोनेपेझिल आली, दिवसाला एकच गोळी. गॅलँटामाइनची गोष्ट गमतीची आहे. बल्गेरियात एका पांढऱ्या रानफुलाच्या झाडापासून काढलेलं हे द्रव्य आधी पोलिओच्या रुग्णांना देत. मग मेमँटीन आलं. या गोळ्यांनी काही काळ थोडी हुशारी वाटते, रोग मात्र थांबत नाही.

नवीन इंजेक्शनं ते साचलेले ठिपकेच काढून टाकतात. पहिलं, अ‍ॅड्युकानुमॅब, २०२१ मध्ये सल्लागार तज्ज्ञांचा विरोध असतानाही मंजूर झालं. कंपनीनेच २०२४ मध्ये ते बंद केलं. २०२३ मध्ये पूर्ण मंजुरी मिळालेल्या लेकानेमॅबच्या चाचणीत १८ महिन्यांनी फरक पडला तो १८ गुणांच्या मोजपट्टीवर अर्ध्या गुणापेक्षाही कमी. शिवाय मेंदूला सूज येण्याचा, रक्तस्राव होण्याचा धोका, म्हणून वारंवार एमआरआय. आणि हे सगळं फक्त सुरुवातीच्या अवस्थेतल्या रुग्णांसाठी.

या आईंना राहतं घरही ओळखू येत नव्हतं. त्यांच्यासाठी कर्ज काढू नका, असं मी स्पष्टच सांगितलं. रात्री जागणाऱ्या सुनेची पाळी कोण घेतो, गॅसचा कॉक कोण बंद करतो, हे विचारलं. मग फाइल चाळली. बी-१२ आणि थायरॉइड तपासलेलंच नव्हतं. तेवढं करून पुढच्या आठवड्यात या, म्हटलं, आणि येताना बहिणीलाही घेऊन या.