दुकान नसलेल्या दुकानदारणी

1909 साली रमाबाई रानडे यांनी गोपाळ कृष्ण देवधर यांच्या साथीनं पुण्यात सेवासदन सुरू केलं, तेव्हा बायकांना शिवणकाम शिकवण्याबद्दल फारशी कुरकुर झाली नाही. नाकं मुरडली गेली ती परिचारिका घडवायचं ठरल्यावर. विधवेनं घरी बसून चार पैसे मिळवले तर चालत होतं, त्यासाठी तिनं ससून रुग्णालयाच्या वॉर्डात जाणं खटकत होतं. कमवा, पण उंबरठ्याच्या आत: शहराची ही अट पुढं कित्येक दशकं टिकली.

पुण्यातल्या घरगुती धंद्याला या अटीनंच वळण दिलं. भाजणी, मेतकूट, दिवाळीचा फराळ, पोळीभाजीचे डबे, सगळं माजघरातून निघायचं आणि ओळखीतल्या ओळखीत खपायचं. गिऱ्हाईक म्हणजे नणंदेची मैत्रीण किंवा शाळेतल्या बाई. पाटी नाही, जाहिरात नाही. ओळख जिथं संपली तिथं धंदा थांबला. बाजाराशी गाठ घालणारा माणूस घरात असला, तर मात्र चित्र पालटे. 1962 साली हुकमीचंद चोरडिया यांनी उभ्या केलेल्या प्रवीण मसालेवाले या उद्योगाच्या मुळाशी त्यांच्या पत्नी कमलबाईंच्या हातचा मसाला होता.

दुसरा प्रश्न भांडवलाचा. मुंबईच्या गिरणगावातल्या खाणावळवाल्यांना सावकाराच्या तावडीतून सोडवण्यासाठी प्रेमा पुरव यांनी 1975 साली अन्नपूर्णा महिला मंडळ काढलं. त्यांची मुलगी मेधा पुरव-सामंत यांनी 1993 मध्ये हेच काम पुण्याच्या वस्त्यांत नेलं. भाजीवाल्या, डबेवाल्या बायकांना तारण न मागता कर्ज. जामीन गटातल्याच मैत्रिणी. 1992 पासून नाबार्ड बचत गटांना बँकांशी जोडत होतं. पैसा मिळू लागला, गिऱ्हाईक मात्र मिळेना. पुढं सुनंदा पवार यांच्या पुढाकारानं भीमथडी जत्रा भरू लागली. तिथं बचत गटांच्या मांडे-थालीपिठांवर पुणेकर तुटून पडतात, पण ते वर्षातले मोजके दिवस.

2015 साली सोनिया अगरवाल-कोंजेटी यांनी ‘पुणे लेडीज’ म्हणजे ‘पुला’ हा फक्त बायकांसाठीचा फेसबुक गट काढला. त्याची सदस्यसंख्या लाखावर गेली. ‘उकडीचे मोदक कोण करून देईल?’ अशी विचारणा पूर्वी जिन्यात व्हायची, आता एका वेळी सगळ्या शहराला ऐकू जाऊ लागली. 2016 मध्ये मोबाइल डेटा स्वस्त झाला, यूपीआय आलं, 2018 मध्ये व्यवसायासाठीचं वेगळं व्हॉट्सॲप निघालं. 2020 च्या टाळेबंदीत तर अनेकींना घरच्या स्वयंपाकाखेरीज दुसरं साधनच नव्हतं.

मधुरा बाचल यांची वाट थोडी वेगळी. 2009 साली अमेरिकेत असताना त्यांनी यूट्यूबवर पाककृती दाखवायला सुरुवात केली, पुढं मराठी चॅनल काढलं, पुण्यातून नावारूपाला आल्या आणि स्वतःचे मसालेही बाजारात आणले. आधी गिऱ्हाईक, मग माल! लक्ष्मी रोडवरच्या जुन्या व्यापाऱ्याला हा उलटा हिशेब पटला नसता.

तरी या नव्या पेठेलाही वेस आहे. पुण्यातल्या मोठ्या गटांत बोलणं बरंचसं इंग्रजीत चालतं आणि 2019-21 च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणानुसार देशातल्या सुमारे 54 टक्के स्त्रियांकडेच स्वतः वापरायचा मोबाइल होता. कोथरूडची केकवाली पुढं गेली. जनता वसाहतीच्या झोपडपट्टीतली पोळ्या लाटणारी बाई तितक्या वेगानं गेलेली दिसत नाही.

शिवाय जागा परक्याची. आताच्या अहिल्यानगर जिल्ह्यातल्या सारोळा कासारच्या सुमनताई धामणे यांचं ‘आपली आजी’ हे यूट्यूब चॅनल 2020 मध्ये हॅकरांनी पळवलं होतं. सुदैवानं ते परत मिळालं. 4 ऑक्टोबर 2021 च्या रात्री फेसबुक, इन्स्टाग्राम आणि व्हॉट्सॲप जवळपास सहा तास एकदम बंद पडले. ज्यांच्या सगळ्या ऑर्डरी त्यातच होत्या, त्यांना गिऱ्हाइकाला कळवायचीही सोय उरली नाही. पतसंस्थेच्या सभासद बाईला वार्षिक सभेत उठून जाब विचारता येतो, इथं विचारायचा कोणाला? म्हणून घरून धंदा करणाऱ्या प्रत्येकीनं गिऱ्हाइकांची नावं आणि फोन नंबर एका साध्या वहीतही उतरवून ठेवावेत.