ऐतिहासिक बेसबॉल खेळाडूंचे काल्पनिक संघ आणि आकडेवारीचे राजकारण : एक ऐतिहासिक अभ्यास

प्रस्तावना

अमेरिकेच्या सामाजिक इतिहासात बेसबॉल या खेळाला विशेष स्थान आहे. हा खेळ मैदानावर जितका खेळला गेला, तितकाच तो कागदावरही खेळला गेला. वेगवेगळ्या कालखंडांतील खेळाडू आकडेवारीच्या आधारे निवडून त्यांचे काल्पनिक संघ बांधणे आणि ते परस्परांशी खेळविणे हा अमेरिकेतील एक रूढ छंद आहे. १९१० च्या दशकातील टाय कॉब आणि १९६० च्या दशकातील बॉब गिब्सन प्रत्यक्षात कधीही समोरासमोर आले नाहीत. काल्पनिक संघांच्या खेळात मात्र ते एकमेकांविरुद्ध उभे राहू शकतात.

वरवर पाहता हा केवळ मनोरंजनाचा प्रकार वाटतो. तथापि या खेळाचा पाया ऐतिहासिक नोंदी हा आहे. नोंद कोणी केली, कोणाची केली आणि कोणाची केली नाही, हे प्रश्न इतिहासलेखनाचे मूलभूत प्रश्न आहेत. ज्या खेळाडूची नोंद नाही त्याची निवड काल्पनिक संघातही होऊ शकत नाही. या दृष्टीने सदर विषयाकडे पाहण्याचा प्रयत्न प्रस्तुत लेखात करण्यात आला आहे.

अभ्यासाची उद्दिष्टे

१) बेसबॉलमधील नोंदींच्या परंपरेचा व तिच्यावर आधारित काल्पनिक संघांच्या खेळाचा विकास पाहणे.
२) भिन्न कालखंडांतील खेळाडूंची तुलना करण्याच्या सांख्यिकीय पद्धतींचे स्वरूप स्पष्ट करणे.
३) वर्णभेदामुळे अधिकृत नोंदींबाहेर राहिलेल्या खेळाडूंच्या समावेशाचा या तुलनेवर झालेला परिणाम तपासणे.

नोंदींची परंपरा

बेसबॉलच्या आकडेवारीचा जनक म्हणून हेन्री चॅडविक (१८२४-१९०८) यांचा उल्लेख केला जातो. इंग्लंडमधील एक्सेटर येथे जन्मलेले चॅडविक १८३७ मध्ये अमेरिकेत आले. प्रारंभी ते क्रिकेटचे वार्ताहर होते. क्रिकेटच्या धावफलकाचा नमुना समोर ठेवून त्यांनी बेसबॉलच्या सामन्याचा संक्षिप्त तक्ता रूढ केला. भारतीय वाचकाला परिचित असलेला क्रिकेटचा धावफलक आणि बेसबॉलचा तक्ता यांचे कूळ अशा रीतीने एकच आहे. मात्र क्रिकेटमधील सरासरी ही प्रत्येक बाद होण्यामागे काढलेल्या धावांची असते, तर बेसबॉलमधील फलंदाजीची सरासरी ही यशस्वी फटक्यांचे अधिकृत संधींशी असलेले प्रमाण असते. म्हणून ती ०.३०० अशी दशांशात लिहिली जाते. दहापैकी तीन वेळा यशस्वी होणारा फलंदाज उत्तम समजला जातो.

१८७६ मध्ये नॅशनल लीगची स्थापना झाली आणि १९०१ पासून अमेरिकन लीगला प्रमुख लीगचा दर्जा मिळाला. या नोंदी एकत्र करून १९६९ मध्ये मॅकमिलन प्रकाशनाने बेसबॉलचा बृहद् कोश प्रसिद्ध केला. या कोशाच्या सिद्धतेत संगणकाचा वापर झाला होता. १९७१ मध्ये कूपर्सटाउन येथे बेसबॉल संशोधकांची संस्था स्थापन झाली. १९७७ पासून बिल जेम्स यांनी आपले वार्षिक विश्लेषण स्वतःच प्रकाशित करण्यास आरंभ केला. १९८९ मध्ये रेट्रोशीट या प्रकल्पाने जुन्या सामन्यांतील प्रत्येक खेळीचा तपशील गोळा करण्याचे काम हाती घेतले. या कार्यात व्यावसायिक इतिहासकारांपेक्षा हौशी अभ्यासकांचा वाटा मोठा होता, ही बाब लक्षणीय आहे.

काल्पनिक संघांच्या खेळाचा विकास

आकडेवारीचे रूपांतर खेळात करण्याचे प्रयत्न विसाव्या शतकाच्या पूर्वार्धातच सुरू झाले. माजी खेळाडू ईथन ॲलन यांनी तयार केलेला 'ऑल स्टार बेसबॉल' हा खेळ १९४१ मध्ये बाजारात आला. त्यात प्रत्येक खेळाडूसाठी एक गोल चकती असे. चकतीवरील भाग त्या खेळाडूच्या कामगिरीच्या प्रमाणात लहानमोठे आखलेले असत आणि फिरता काटा जेथे थांबेल तो निकाल धरला जाई. पुढे १९५१ मध्ये 'आपबा' आणि १९६१ मध्ये हॅल रिचमन यांचा 'स्ट्रॅट-ओ-मॅटिक' हे खेळ आले. शेवटच्या खेळात तीन फासे टाकले जातात. पहिल्या फाशावरून फलंदाजाचे कार्ड पाहायचे की पिचरचे, हे ठरते. उरलेल्या दोन फाशांच्या बेरजेवरून फलंदाजीच्या त्या संधीचा निकाल कळतो. निकालात दोन्ही खेळाडूंच्या कामगिरीला समान वाव मिळावा, हा या रचनेमागील विचार होता.

दुसरा प्रवाह विद्यापीठांतून आला. समाजशास्त्रज्ञ विल्यम गॅमसन यांनी १९६० मध्ये काही सहकाऱ्यांसह 'बेसबॉल सेमिनार' नावाचा खेळ सुरू केला. सहभागी सदस्य खेळाडूंची निवड करीत आणि हंगामाअखेर त्या खेळाडूंच्या प्रत्यक्ष आकडेवारीवरून विजेता ठरे. पुढे मिशिगन विद्यापीठातील प्राध्यापक रॉबर्ट स्क्लार यांच्यामार्फत ही कल्पना त्यांचे विद्यार्थी डॅनियल ओक्रेंट यांच्यापर्यंत पोहोचली. ओक्रेंट यांनी १९८० मध्ये मित्रांसह सुरू केलेली स्पर्धा न्यूयॉर्कमधील एका उपाहारगृहाच्या नावावरून 'रोटिसरी लीग' म्हणून प्रसिद्ध झाली.

ऐतिहासिक खेळाडूंची निवड हा या दोन प्रवाहांचा संगम होय. सहभागी सदस्य पाळीपाळीने एकेक खेळाडू निवडतात. पहिल्या फेरीत शेवटी असणाऱ्याला दुसऱ्या फेरीत पहिली संधी मिळते, जेणेकरून कोणावर अन्याय होऊ नये. एकदा निवडलेला खेळाडू दुसऱ्याला मिळत नाही. कॅचर, शॉर्टस्टॉप, पिचर अशा प्रत्येक स्थानासाठी खेळाडू घ्यावा लागत असल्याने केवळ उत्तम फलंदाज गोळा करून भागत नाही. एखाद्या स्थानावर गुणवान खेळाडू जितके दुर्मीळ, तितकी त्यांची किंमत अधिक असते.

भिन्न कालखंडांची तुलना : सांख्यिकीय प्रश्न

ऐतिहासिक निवडीतील मुख्य अडचण अशी की, समान दिसणाऱ्या आकड्यांचा अर्थ प्रत्येक काळात समान नसतो. १९१३ मध्ये फ्रँक बेकर यांनी १२ होमरन काढून अमेरिकन लीगमध्ये पहिले स्थान मिळविले. १९२० मध्ये बेब रूथ यांनी ५४ होमरन काढले. त्या वर्षी अमेरिकन लीगमधील इतर कोणत्याही संघाला सर्व खेळाडू मिळूनही तेवढे होमरन काढता आले नाहीत. या सात वर्षांत खेळाचे स्वरूपच बदलले होते.

सरासरीबाबतही असाच अनुभव येतो. १९३० मध्ये बिल टेरी यांची सरासरी ०.४०१ होती. १९६८ मध्ये कार्ल यास्ट्रझेम्स्की हे अवघ्या ०.३०१ सरासरीवर अमेरिकन लीगमध्ये प्रथम आले. केवळ आकडे पाहिले तर टेरी फार पुढे वाटतात. परंतु १९३० मध्ये संपूर्ण नॅशनल लीगची सरासरी ०.३०३ होती, तर १९६८ मध्ये अमेरिकन लीगची सरासरी ०.२३० होती. खेळाडूच्या सरासरीला लीगच्या सरासरीने भागल्यास टेरी यांचे गुणोत्तर १.३२ आणि यास्ट्रझेम्स्की यांचे १.३१ येते. म्हणजे आपापल्या काळाच्या तुलनेत दोघेही जवळपास सारखेच ठरतात. १९६८ मध्येच बॉब गिब्सन यांनी नऊ डावांमागे केवळ १.१२ धावा दिल्या. पिचरचे हे वर्चस्व कमी करण्यासाठी १९६९ पासून ज्या उंचवट्यावरून पिचर चेंडू टाकतो त्याची उंची १५ इंचांवरून १० इंचांवर आणण्यात आली.

जीवशास्त्रज्ञ स्टीफन जे गूल्ड यांनी १९९६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या आपल्या ग्रंथात याच प्रश्नाची वेगळी बाजू मांडली. १९४१ मध्ये टेड विल्यम्स यांनी ०.४०६ सरासरी गाठल्यानंतर अमेरिकन व नॅशनल लीगमध्ये पूर्ण हंगामात ०.४०० चा टप्पा कोणी ओलांडला नाही. याचे कारण फलंदाजीचा ऱ्हास हे नसून एकूण खेळाचा दर्जा उंचावल्यामुळे उत्तम व सामान्य खेळाडूंमधील अंतर कमी झाले, असे त्यांनी दाखवून दिले.

वर्णरेषा आणि गुणोत्तराची मर्यादा

लीगच्या सरासरीशी तुलना करण्याची पद्धत उपयुक्त असली, तरी ती एक गोष्ट गृहीत धरते. ती म्हणजे लीगमध्ये त्या काळातील सर्वोत्तम खेळाडू खेळत होते. बेसबॉलच्या बाबतीत हे गृहीतक टिकत नाही. १८८४ मध्ये मोझेस फ्लीटवुड वॉकर हे कृष्णवर्णीय कॅचर टोलेडोच्या संघातून प्रमुख लीगमध्ये खेळले होते. मात्र १८८७ मध्ये इंटरनॅशनल लीगच्या संघचालकांनी कृष्णवर्णीय खेळाडूंशी नवे करार न करण्याचा निर्णय घेतला आणि हळूहळू अलिखित बंदी सर्वत्र रूढ झाली. १५ एप्रिल १९४७ रोजी जॅकी रॉबिन्सन ब्रुकलिन डॉजर्सकडून मैदानात उतरले, तेव्हा ही वर्णरेषा मोडली.

दरम्यान १९२० मध्ये रूब फॉस्टर यांच्या पुढाकाराने कॅन्सस सिटी येथे निग्रो नॅशनल लीगची स्थापना झाली होती. जॉश गिब्सन, सॅचेल पेज, ऑस्कर चार्ल्स्टन यांसारखे खेळाडू या परंपरेत घडले. गिब्सन यांचे जानेवारी १९४७ मध्ये, रॉबिन्सन यांच्या पदार्पणाच्या तीन महिने आधी, वयाच्या अवघ्या ३५ व्या वर्षी निधन झाले. पेज यांना १९४८ मध्ये क्लीव्हलँडकडून संधी मिळाली, तेव्हा त्यांचे वय ४२ होते.

या वस्तुस्थितीचा सांख्यिकीय परिणाम दुहेरी आहे. एकीकडे कृष्णवर्णीय खेळाडूंची कामगिरी अधिकृत नोंदीत आली नाही. दुसरीकडे श्वेतवर्णीय खेळाडूंची कामगिरीही मर्यादित स्पर्धेतील होती. पेज यांच्यासारख्या पिचरचा सामना रूथ यांच्या पिढीला अधिकृत सामन्यात कधीच करावा लागला नाही. ज्या लीगमधून गुणवान स्पर्धकांना वगळले आहे, त्या लीगच्या सरासरीने भागून काढलेले गुणोत्तर त्या वगळण्याचा लाभ गुपचूप पुढे नेते.

नोंदींची अधिकृतता हाही ऐतिहासिक निर्णयाचाच भाग होता. १९६९ च्या विशेष समितीने सहा लीगना प्रमुख दर्जा दिला. त्यांत १८८४ या एकाच वर्षी अस्तित्वात असलेल्या आणि अनेक संघ हंगामाच्या मध्येच बंद पडलेल्या युनियन असोसिएशनचा समावेश होता. निग्रो लीगचा मात्र विचारच झाला नाही. त्यामुळे त्यानंतरच्या कोशांवर विसंबून बांधलेल्या काल्पनिक संघांत १८८४ च्या लीगमधील ०.४१२ सरासरीचे फ्रेड डनलॅप निवडता येत होते, परंतु गिब्सन निवडता येत नव्हते. मैदानावरील बंदी अशा प्रकारे कागदावरही चालू राहिली.

नोंदींचे पुनर्लेखन

ही त्रुटी दूर करण्याचे काम प्रामुख्याने स्वतंत्र संशोधकांनी केले. श्वेतवर्णीयांच्या वृत्तपत्रांनी निग्रो लीगच्या सामन्यांकडे बहुधा दुर्लक्ष केले होते. त्यामुळे 'पिट्सबर्ग कुरिअर' आणि 'शिकागो डिफेंडर' यांसारख्या कृष्णवर्णीय समाजाच्या वृत्तपत्रांतील तक्ते शोधून सामने पुन्हा उभे करावे लागले. २००९ मध्ये स्ट्रॅट-ओ-मॅटिकने निग्रो लीगच्या खेळाडूंचा कार्डसंच काढला आणि २०११ मध्ये सीमहेड्सचा माहितीसंग्रह उपलब्ध झाला. म्हणजे अधिकृत मान्यतेच्या बऱ्याच आधी गिब्सन काल्पनिक संघात दाखल झाले होते.

१६ डिसेंबर २०२० रोजी मेजर लीग बेसबॉलने १९२० ते १९४८ या काळातील सात निग्रो लीगना प्रमुख दर्जा दिला. मे २०२४ मध्ये त्यांची आकडेवारी अधिकृत नोंदींत समाविष्ट झाली. त्यानुसार कारकीर्दीच्या सरासरीत गिब्सन यांचे ०.३७२ हे प्रमाण कॉब यांच्या ०.३६७ च्या पुढे गेले. विली मेज यांच्या १९४८ मधील १० हिट्सची भर पडून त्यांची एकूण संख्या ३,२९३ झाली. मेज यांचे त्यानंतर काही आठवड्यांतच निधन झाले.

या समावेशावर आक्षेपही घेतले जातात. निग्रो लीगचे हंगाम लहान होते आणि लहान हंगामात सरासरी टोकाला जाण्याची शक्यता अधिक असते. हा आक्षेप सांख्यिकीय दृष्ट्या योग्य आहे. गिब्सन यांची १९४३ मधील ०.४६६ ही सरासरी याच मर्यादेत वाचावी लागते. परंतु २०२० मधील महामारीच्या काळात प्रमुख लीगचा हंगामही केवळ ६० सामन्यांचा झाला आणि त्याच्या नोंदी पूर्णतः ग्राह्य धरल्या गेल्या. शिवाय या संघांना उदरनिर्वाहासाठी गावोगावी प्रदर्शनीय सामने खेळावे लागत आणि ते अधिकृत मोजणीत येत नाहीत. कूपर्सटाउन येथील गौरवफलकावर गिब्सन यांच्या नावे सुमारे ८०० होमरनचा उल्लेख आहे, तर अधिकृत नोंदीतील संख्या दोनशेच्याही आत आहे. लोकस्मृती आणि प्रमाणित दस्तऐवज यांमधील हे अंतर इतिहासाच्या अभ्यासकाला नवे नाही.

जुन्या प्रमुख लीगच्या नोंदीही निर्दोष नाहीत. १९१० मधील कॉब यांचा एक सामना दोनदा मोजला गेल्याचे १९८१ मध्ये उघडकीस आले. काही संशोधक त्यांच्या हिट्सची संख्या ४,१९१ ऐवजी ४,१८९ मानतात. तरीही जुना आकडा अधिकृत पातळीवर कायम ठेवण्यात आला.

गिब्सन यांच्या समावेशाने काल्पनिक निवडीचा हिशेबही बदलतो. कॅचरचे स्थान शरीराला झिजविणारे असल्याने तेथे मोठी सरासरी दुर्मीळ असते. जॉनी बेंच यांची कारकीर्दीची सरासरी ०.२६७, तर योगी बेरा यांची ०.२८५ आहे. त्याच स्थानावर ०.३७२ सरासरीचा खेळाडू उपलब्ध होताच निवडीचा प्राधान्यक्रम मुळापासून हलतो.

निष्कर्ष

१) ऐतिहासिक खेळाडूंचे काल्पनिक संघ हा नोंदींच्या परंपरेतून विकसित झालेला खेळ असून त्याची विश्वसनीयता मूळ साधनांच्या विश्वसनीयतेवर अवलंबून आहे.
२) आकड्याचा अर्थ त्याच्या काळाच्या संदर्भातच लावावा लागतो. लीगच्या सरासरीशी केलेली तुलना त्यासाठी आवश्यक आहे, पण पुरेशी नाही.
३) वर्णभेदामुळे वगळलेल्यांचेच नव्हे, तर समाविष्ट असलेल्यांचेही आकडे एकांगी झाले होते.
४) अधिकृत नोंद ही अंतिम नसते. नवी साधने मिळताच तिची फेरतपासणी करणे हे संशोधकाचे कर्तव्य ठरते.

काल्पनिक संघात जॉश गिब्सन यांची निवड केल्याने त्यांना नाकारलेली संधी परत मिळत नाही. वृत्तपत्रांच्या जीर्ण पानांतून गोळा केलेल्या तक्त्यांमुळे त्यांचे नाव निवडीच्या यादीत आले, एवढेच इतिहासलेखनाला साधता आले आहे आणि तेही अल्प नाही.