किहीमचे किहिमकर, चौलचे चेऊलकर

अलिबागजवळच्या किहीमला आज मुंबईकर सुट्टी घालवायला जातात. याच गावाचं नाव लावणारे किहिमकर मात्र ज्यू आहेत. कोकणातल्या बेने इस्रायल या ज्यू समाजाने गावावरून 'कर' लावण्याची मराठी रीत उचलली आणि पेणकर, रोहेकर, नवगावकर, अष्टमकर अशी शंभराहून अधिक आडनावं तयार झाली. पिढीजात धंदा तेलाच्या घाण्याचा. शनिवारी घाणा बंद, म्हणून लोक त्यांना 'शनिवार तेली' म्हणत.

आडनावाने गाव कळे, धर्म कळेलच असं नाही. दिवेकर चित्पावनांतही आहेत. मुंबईतलं पहिलं सिनेगॉग १७९६ मध्ये मांडवी भागात बांधणारे सामाजी हसाजी दिवेकर मात्र बेने इस्रायल होते. सॅम्युएलचं सामाजी आणि इझिकेलचं हसाजी झालं होतं!

हाईम सॅम्युएल किहिमकर यांनी आपल्या समाजाचा इतिहास १८९७ मध्ये लिहून पूर्ण केला. तो छापला गेला १९३७ मध्ये, तेल अवीवला. सिनेमातही ही मंडळी होती. 'आलम आरा'चे लेखक जोसेफ डेव्हिड हे पेणकर. 'बूट पॉलिश'मधले जॉन चाचा, अर्थात अभिनेते डेव्हिड, हे चेऊलकर.

स्वातंत्र्याच्या सुमारास भारतात बेने इस्रायल सुमारे वीस हजार होते. १९४८ नंतर बहुतेक इस्रायलला गेले; भारतात उरले ते काही हजार, मुख्यतः मुंबई, ठाणे आणि रायगडात. इस्रायलमध्ये काहींनी हिब्रू आडनावं घेतली, तरी दिमोना, अश्दोद, लोद या शहरांत 'कर' आडनावं आजही भेटतात.